जन्माने भारतीय

१७ जानेवारी १९७२, सोमवार

दुपारी गनीभाई ट्रंकवाले घरी आले. पप्पा मिलिटरीच्या डेपोत गेलेले. गनीभाई दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. भिंगारमध्ये जवानांच्या काळ्या ट्रंका तेच बनवतात, पप्पांना ओळखतात, तरी आज असे उभे होते, जणू काही मागायला आलेत. हातात पासपोर्ट होता. पाकिस्तानचा. मी पहिल्यांदा हातात घेतला. वाटलं होतं की काहीतरी होईल. काही नाही, साधं पुस्तक. आत जरीनाआपाचा फोटो.

म्हणाले, "पुष्पाबेटी, तुला इंग्लिश येतंय. एक अर्ज लिहून दे."

जरीनाआपा म्हणजे त्यांची मुलगी. चौसष्ट साली कराचीला दिली, सख्ख्या आत्याच्या मुलाला. पहिलं बाळंतपण तिकडेच झालं, माहेरी येता आलं नाही. दुसऱ्याला तरी यायचंच म्हणून ऑक्टोबरमध्ये आली, तीन महिन्यांचा व्हिसा घेऊन. मोठी मुलगी रजिया सहा वर्षांची, तिची शाळा बुडेल म्हणून तिकडेच आजीकडे ठेवली. तीन डिसेंबरला लढाई सुरू झाली. नऊ तारखेला ब्लॅकआऊटमध्ये बाळ झालं, कंदिलावर घोंगडी टाकून. मुलगा. नाव चांद.

आता गाडी नाही, टपाल नाही, वकिलात नाही. व्हिसा परवा संपला.

मी दोन तास बसून अर्ज लिहिला. तीन वेळा फाडला. जूनला बी.ए. झालं की मी फॉरेन सर्व्हिसच्या परीक्षेला बसणार आहे आणि हे आपल्या पायाने चालत माझ्या दारात आलंय. (हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे.)

१४ फेब्रुवारी

जरीनाआपाबरोबर नगरला पोलिसांच्या ऑफिसात गेले. परदेशी लोकांची एक खिडकी आहे. दर महिन्याला हजेरी लावायची, महिनाभराची मुदत वाढवून घ्यायची. खिडकीत श्रीमंतराव नावाचे हवालदार. शेवगावकडचे असावेत.

"नाव?"

"जरीना."

"गाव?"

"भिंगार," आपा म्हणाली.

"भिंगार न्हवं बाई. तुमचं गाव."

मग कराची म्हणाली.

येताना टांग्यात मी तिला समजावलं की दोन्ही देशांचं बोलणं बंद आहे, पण स्वित्झर्लंडची वकिलात दोघांचं काम बघते. आपले निरोप ते तिकडे देतात, त्यांचे इकडे. ती म्हणाली, "अम्मा नि मामी बोलत नव्हत्या तेव्हा मी दोन्ही घरांत डबे पोचवायची. तसंच ना?" अगदी तसंच. मी हे कुठेतरी वापरणार आहे.

२० मार्च

कराचीचं पत्र आलं. सरळ येत नाहीच, तिच्या मिस्टरांचा चुलतभाऊ बहारीनला असतो, त्याच्याकडून. सहा आठवडे लागले. उर्दूत आहे. आपाने वाचून दाखवलं. रजियाचा दात पडला. दात पडला की अम्मी येईल असं आजीने सांगितलेलं, म्हणून तिने दुसराही हलवून हलवून पाडला.

आपा हसली. मी पण हसले. मग ती बाळाला पाजायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी निघून आले.

१७ एप्रिल

आज मी पहिली केस जिंकले.

ऊन मरणाचं. नळाला चार दिवस पाणी नाही, सगळीकडे त्याच्याच गप्पा. आपा चांदला ओढणीत गुंडाळून रांगेत. श्रीमंतराव रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, "ह्या बाळाचंबी नाव घालावं लागंल आता. चार म्हईने झाले. तुमच्या नावाखाली घालतो."

मी म्हटलं, "कशाला?"

"आई पाकिस्तानी, बाप पाकिस्तानी. मंग पोरगं?"

मी तयारच होते. कॉलेजच्या लायब्ररीत सिटिझनशिप ॲक्ट वाचलाय. भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय. मी कलम सांगितलं, इंग्रजीत, कारण मला ते इंग्रजीतच पाठ आहे. श्रीमंतराव माझ्याकडे बघत राहिले. रांगेतले लोकही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मंग तसं लिहून द्या. कोर्टाच्या कागदावर."

म्हणजे दर महिन्याला त्या एवढ्याशा पोराला उन्हातून आणायला नको. परदेशी म्हणून शिक्का नको. कुणी त्याला इथून घालवू शकणार नाही.

आपाने येताना विचारलं, "पण मग तो माझ्याबरोबर येईल ना?"

मी म्हटलं, "अगं, तुझा मुलगा आहे तो. कोण अडवणार?"

१९ एप्रिल

ॲफिडेव्हिट झालं. मसुदा माझा. गनीभाईंनी आजोबा म्हणून सही केली, आपाने खाली उर्दूत. वकिलांनी एक शब्द बदलला नाही. श्रीमंतरावांनी फाईलला लावून घेतलं.

रात्री जेवताना पप्पांना सांगितलं. पप्पा मूळचे पाथर्डीकडचे, डेपोत वीस वर्षं क्लार्क आहेत, तरी घरी बोलतात गावाकडचंच. त्यांनी भाकरी मोडून झाल्यावर विचारलं, "त्या पोरीला इचारलंस का, तिला काय पायजे?"

"तिच्याच फायद्याचं आहे पप्पा."

"ते न्हाई इचारलं मी."

मग म्हणाले, "आपन मिलिटरीच्या पगारावर खातो, पुष्पे. जरा बेतानं." ते घाबरतात. मला त्यांचा रागही येतो आणि दयाही येते. कायदा माहीत नसला की माणूस घाबरतो.

४ जुलै

सिमल्याला करार झाला. आज पेपरात. मी सकाळी सातलाच पेपर घेऊन गनीभाईंच्या दुकानात पळाले. ते पत्र्याला ठोके देत होते, त्यांना ऐकू येईना, मी हातोडाच धरला. सगळं वाचून दाखवलं. येणंजाणं सुरू करायचं ठरलंय, अडकलेल्या लोकांचं बघायचं ठरलंय.

गनीभाई म्हणाले, "कधी?"

तारीख नाही दिलेली. मी म्हटलं, लवकरच. त्यांनी पेपर घडी करून ट्रंकेत ठेवला आणि परत ठोके द्यायला लागले.

मी बी.ए. सेकंड क्लासमध्ये पास. हे लिहायचं राहिलं होतं.

२ ऑगस्ट

बहारीनचं पत्र. आपा वाचत होती. सासूबाईंचा गुडघा धरलाय. रजिया दुसरीत गेली. मग एका जागी थांबली. ओठ हलत होते, आवाज नाही. पान उलटलं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. सगळ्यांना सलाम लिहिलाय."

पाऊण पान सलाम. मोठं खानदान असणार.

चांद आता पालथा पडतो आणि पुढे सरकायला बघतो. आपा खोलीत आली की बांगड्यांच्या आवाजावरच मान फिरवतो. मी मुद्दाम माझ्या बांगड्या वाजवून बघितल्या. नाही फिरवली.

२८ ऑगस्ट

पप्पांना त्यांच्या साहेबाने बोलावून विचारलं की तुमची मुलगी त्या घरी का जाते. पप्पांनी काय सांगितलं ते मला सांगत नाहीत. फक्त म्हणाले, "जात जा. पर मागल्या दारानं नको, म्होरल्या दारानं जा."

१४ नोव्हेंबर

यादी आली.

दोन्ही सरकारांनी अडकलेल्या लोकांच्या याद्या एकमेकांना दिल्या, तपासल्या, आणि आपल्या जिल्ह्यातून तिघांची नावं मंजूर झाली. आपाचं दुसरं. सत्तावीस तारखेला वाघा बॉर्डरवर हजर राहायचं, त्यासाठी चोवीसला नगरहून निघायचं, बरोबर एक पोलीस देतील. मी खिडकीतच टाळी वाजवली. दिवाळी आणि ईद दोन्ही होऊन गेल्या, ही तिसरी.

श्रीमंतराव हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. एकच नाव होतं. जरीना. खाली काही नाही.

"आणि चांद?"

"तो कसा येईल? तो भारतीय हाय."

मला कळलंच नाही. मी म्हटलं, आईबरोबर जाईल की.

"पाकिस्तानी लोकांची यादी हाय बाई ही. भारतीय मानसाला जायाचं तर पासपोर्ट पायजे, त्यांचा व्हिसा पायजे. व्हिसा देनारं हाय कोन आज?"

"अहो पण अकरा महिन्यांचं बाळ आहे!"

"यादी ह्या रजिस्टरावरनं केली. आईच्या नावाखाली त्याचं नाव असतं, तर आपसूक गेला असता." मग जरा थांबून म्हणाले, "म्या तवाच इचारायला पायजे हुतं. तुमी इंग्रजीत बोलाय लागल्या, मी गप बसलो."

आपा माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. चांद तिच्या खांद्यावर झोपलेला.

१५ नोव्हेंबर

एकटीच परत गेले. म्हटलं, ते ॲफिडेव्हिट काढून टाका. मी चुकीचं लिहिलं. काय शिक्षा असेल ती मला द्या.

श्रीमंतरावांनी फाईल उघडून मला माझाच कागद दाखवला. "ह्यात खोटं काय हाय?"

मी वाचलं. काहीच खोटं नाही.

"खोटं असतं तर एका रेघेत खोडलं असतं. खरं कसं खोडू?"

दिल्लीला स्विस वकिलातीला तार केली. गृहखात्याला तार केली. गनीभाईंनी पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. आता लक्षात येतंय, त्यांच्याकडून घ्यायला हवे होते. मी काहीतरी फेडतेय असं त्यांना वाटलं असेल.

१८ नोव्हेंबर

स्विस वकिलातीची उलट तार. त्यांना पाकिस्तानी नागरिकांपुरतंच बोलता येतं, मूल भारतीय असल्याने भारत सरकारकडे विचारावे. भारत सरकारचं काहीच नाही.

त्यांचं बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे. मी हे सगळं किती वाचलं होतं, दोन शेजारी देश यादी करतात, यादी जुळवतात, माणसं हातोहात देतात. छान व्यवस्था वाटायची. मी त्या व्यवस्थेत नीट बसणारा कागद केला.

१९ नोव्हेंबर, रविवार

गनीभाईंच्या घरी सगळे बसले होते. म्हणजे ते, आपाच्या अम्मा आणि आपा. मला वाटलं मला बोलावणार नाहीत. आपानेच निरोप पाठवला.

गनीभाई म्हणत होते, नको जाऊ. पुढची यादी येईल. मी म्हटलं, मी विचारलंय, पुढची कधी ते दिल्लीलाही माहीत नाही, आणि एकदा नाव असून गेली नाही तर परत घेतील याची खात्री नाही. हे मी का सांगितलं? कुणी विचारलं नव्हतं. पण आता अर्धवट काही सांगायचं नाही असं मी ठरवलंय.

आपा म्हणाली, "अब्बा, त्यांनी लिहिलंय. मार्चपर्यंत वाट बघतो. मग त्यांच्या अम्मीच्याने घर होत नाही, रजियाला सांभाळायला कोणी आणावं लागेल."

"कोणी म्हणजे?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अम्मा पण. मग मला ते पाऊण पान सलाम आठवलं. दुसरी बायको.

अम्मा रडायला लागल्या. म्हणाल्या, दूध पितं लेकरू टाकून कुणी जातं का. आपा रडली नाही. ती म्हणाली, "रजियाला कळतं अम्मा. दारात बसून राहते. हा तुझ्याकडे राहील, तुलाच अम्मा म्हणेल. ह्याला अजून कळत नाही."

त्याला कळतं. मी बघितलंय बांगड्यांचं. अम्मांनीही बघितलंय, गनीभाईंनीही. कुणी बोललं नाही. मीही नाही.

निघताना मी तिला दारात म्हटलं, आपा, मला माफ कर.

ती म्हणाली, "पाच दिवस आहेत. त्यात त्याचं दूध तोडायचंय, त्याला वाटीने पाजायला शिकवायचंय, कपडे शिवायचेत. तुझ्यावर रागवायला कधी बसू?"

२१ नोव्हेंबर

कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला. तो तोंड लावतो, कडू लागतं, तोंड वेंगाडतो, तिच्याकडे बघतो आणि परत तोंड लावतो. सकाळपासून हेच. अम्मा म्हणतात तीन दिवसांत सोडतं पोर. आपा ओढणी लपेटून भिंतीकडे तोंड करून बसलेली आणि तो तिच्या पाठीला धरून उभा राहतोय. उभा राहायला तो याच भानगडीत शिकला.

मी वाटी धरून होते. गाईचं दूध, साखर घालून. माझ्या हाताने चार चमचे प्यायला. आपा वळून बघत होती. म्हणाली, "तुझ्याकडून घेतो बघ." कशा आवाजात म्हणाली ते मला लिहिता येत नाही.

२४ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने गेली. मनमाडला गाडी बदलून पुढे. गनीभाई मनमाडपर्यंत गेले. पोलीस कुणी छगन म्हणून होता, पोरगेलासा, त्याने ट्रंक आपणहून उचलली.

मला तिने स्टेशनवर येऊ दिलं नाही. "तू चांदजवळ थांब. त्याला तुझी सवय झालीय."

बांगड्या काढून गेली. आवाज नको म्हणून. तो झोपला असताना उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवलं. परत आली, त्याच्या अंगावरचं पांघरूण सरळ केलं, ते सरळच होतं. गेली.

साडेदहाला उठला. माझ्याकडे बघितलं, अम्मांकडे बघितलं, मग दाराकडे. रडला नाही. रांगत आतल्या खोलीत गेला, मोरीत गेला, माडीच्या पायरीपाशी गेला. सगळं घर बघून आला. मग रडला. मी वाटी पुढे केली, त्याने हाताने उडवली.

मी तिथे संध्याकाळपर्यंत होते. पप्पा न्यायला आले. पुढच्या दाराने आले, आत येऊन बसले, अम्मांनी दिलेला चहा प्यायले. या घरात ते पहिल्यांदा आले. अम्मांना म्हणाले, "माझी पोर लई शिकली, पर तिला एक शिकवायचं माझं राहिलं." काय ते नाही सांगितलं. अम्मा म्हणाल्या, "लेकरंच आहेत दोघी, भाऊ."

६ डिसेंबर

परीक्षेचा फॉर्म आला होता. शेवटची तारीख होऊन गेली. भरला नाही. ठरवून नाही, राहूनच गेलं.

९ डिसेंबर

चांद एक वर्षाचा. शिरखुर्मा केला होता. श्रीमंतराव खिडकीवरची ड्युटी संपवून सायकलवर आले, खिशातून रेवड्या काढल्या, बसले नाहीत. "बाईंचं पोचल्याचं आलं का काही?" नाही आलं. "येईल. बॉर्डरच्या पावतीवर सही हाय त्यांची. म्या बघितली."

२२ जानेवारी १९७३

बहारीनमार्गे पत्र. पोचली. गनीभाईंनी मला मराठीत करून सांगितलं, हळूहळू, प्रत्येक ओळ. मध्ये पान उलटलं नाही.

रजिया पहिले दोन दिवस तिच्याजवळ आली नाही. आजीच्या मागून बघायची. तिसऱ्या दिवशी येऊन विचारलं, तुम्ही बाळ आणायला गेला होतात ना, मग कुठंय? बाकी ठीक. सासूबाई बऱ्या. शेवटी, चांद काय काय करतो ते सगळं लिहा, काही सोडू नका.

३ फेब्रुवारी

चांद चालला.

मी दुपारी गेले होते. तो अम्मांच्या पलंगाला धरून उभा होता. मला बघून हात सोडला. चार पावलं टाकली आणि माझ्या साडीत तोंड खुपसलं. मी ओरडलेच. अम्मा पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी त्याला परत पलंगापाशी नेऊन उभं केलं, आणि तो परत चालला. अम्मा हसत होत्या, मग पदर तोंडाला लावला.

गनीभाई उत्तर लिहायला बसलेच होते. त्यांनी विचारलं, "चालला म्हणून लिहू?"

मी हो म्हणणार होते. तिने मागितलंय, काही सोडू नका. खरं ते लिहायला नको का.

अम्मा म्हणाल्या, "नको. तिला वाटू दे, तिच्याशिवाय नाही चालला अजून."

गनीभाईंनी माझ्याकडे बघितलं. जसं त्या दिवशी ॲफिडेव्हिटवर सही करायच्या आधी बघितलं होतं, की बरोबर आहे ना बेटी.

मी मान डोलावली.

त्यांनी उर्दूत लिहिलं, उजवीकडून डावीकडे. एक ओळ, छोटी. मला वाचता येत नाही, तरी विचारलं, काय लिहिलंत.

"अजून रांगतो."

चांद माझ्या गुडघ्याला धरून उभा होता. लिफाफ्यावर बहारीनचा पत्ता मी इंग्रजीत लिहिला.